भुवनेश्वरचे पावणेसात तास

गोदामात पडून राहिलेला माल व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही. चालू खात्यात बिनव्याजी पडलेली रक्कमही तो आठ-पंधरा दिवसांत कुठेतरी हलवतो. मात्र हाच माणूस विमानप्रवासाला निघाला, की दोन विमानांच्या मधले पाच-सहा तास निमूटपणे बुडीत खाती टाकतो. एखादी खुर्ची पकडायची, मोबाइलची वायर भिंतीत खोचायची, दीडशे रुपयांचा चहा महाग म्हणून घ्यायचा नाही आणि फलकावर आपल्या विमानाची ओळ वर सरकण्याची वाट पाहायची. या अवस्थेला पुष्कळ लोक विश्रांती म्हणतात. विमानतळाच्या खुर्चीत सहा तास बसून उठलेल्या माणसाची पाठ काय म्हणते, ते विचारले तर हा शब्द कुणी वापरणार नाही.

मोठ्या शहरांत याला काही प्रमाणात इलाज नाही. मुंबईत किंवा दिल्लीत सहा तासांचा लेओव्हर मिळाला तरी त्यातले तीन-चार तास रस्त्यावरच जातात. लहान शहराचा हिशेब निराळा असतो. तिथे विमानतळ वस्तीला लागून असतो, बाहेर पडायला वेळ लागत नाही आणि ज्या गोष्टींसाठी ते शहर ओळखले जाते, त्या बहुधा अर्ध्या तासाच्या अंतरावर असतात. ओडिशाची राजधानी भुवनेश्वर ही पुण्या-मुंबईच्या मानाने अशीच लहान आहे. तिथला बिजू पटनायक विमानतळ शहरातच आहे. तिथून उदयगिरी आणि खंडगिरी या टेकड्या सहा-सात किलोमीटरवर, लिंगराज मंदिर त्याहूनही जवळ, आणि अशोकाचे शिलालेख असलेली धौलीची टेकडी शहराच्या दुसऱ्या अंगाला. चार तासांत ही तिन्ही ठिकाणे उरकणारे प्रवासी असतात. त्यांच्या फोनमध्ये तिन्हींची छायाचित्रे असतात. त्यातले कुठले कुठले, हे मात्र घरी आल्यावर आठवत नाही.

गेल्या पौष महिन्यात फलटणच्या कापडपेठेतले दोन भाऊ सम्मेद शिखरजीची वंदना करून परतत होते. थोरल्यांचे वय अडुसष्ट, धाकट्यांचे एकसष्ट. रांचीहून सकाळी निघालेले त्यांचे विमान ११ वाजून ४० मिनिटांनी भुवनेश्वरला उतरले आणि पुण्याचे विमान संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी होते. मध्ये पावणेसात तास. तिकिटे पुण्याच्या बहिणीने काढली होती. एकाच तिकिटावर दोघांची नावे, शेजारच्या आसनांसह. याहून कमी थांब्याचे दुसरे तिकीट मिळत होते, हे दोघांनाही नंतर कळले. बहिणीने ते का घेतले नाही, हे तिला विचारण्याची गरज दोघांनाही पडली नाही.

कारण असे, की गेले चौदा महिने हे दोन भाऊ एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. वडिलांनी १९६२ साली घातलेले दुकान वाटले जाणार होते. तळमजल्याची जागा, मागचे गोदाम, बाजारातली येणी, सुरतेच्या आडत्यांची देणी, सगळ्यांचे कागद तयार झाले होते. जैन घरांतील वाटण्या पुष्कळदा होतात तशीच हीही आवाज न चढवता होत आली होती. अडले होते ते एका कलमावर. पेढीचे नाव कोणाकडे राहावे? चार्टर्ड अकाउंटंटने रीतीप्रमाणे सरासरी नफ्याच्या तीन पट धरून नावलौकिकाची किंमत काढून दिली. धाकटे ती रोख मोजायला तयार होते. थोरल्यांनी एका वाक्यात निरोप पाठवला, की वडिलांचे नाव विकाऊ नाही. ते वाक्य मध्यस्थाच्या तोंडून गेले आणि जाताना आणखी जड झाले. तेव्हापासून धाकट्यांच्या तोंडचे 'दादा, तू' जाऊन कामापुरते 'तुम्ही' आले. आईने जाण्यापूर्वी दोघांनी मिळून शिखरजीला जाऊन यावे, एवढे मागितले होते. म्हणून ते गेले. सत्तावीस किलोमीटरची वंदना दोघांनी एकाच दिवशी केली, पण पुढे-मागे चालत. थोरल्यांच्या गुडघ्यांसाठी धाकट्यांनी न विचारता डोली ठरवली आणि थोरल्यांनी ती नाकारली नाही, एवढाच काय तो व्यवहार.

भुवनेश्वरच्या विमानतळावर उतरल्यावर मात्र बोलावे लागले. थांब्याचा एक गुण असा, की त्यात पदोपदी निर्णय घ्यावे लागतात आणि निर्णय मुक्याने घेता येत नाहीत. बाहेर जायचे की नाही? सामान कुठे ठेवायचे?

इथे प्रवासाला जाणाऱ्यांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी सांगून टाकलेल्या बऱ्या. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील, तर मोठ्या बॅगा बहुधा पुढच्या गावापर्यंत परस्पर जातात. पहिल्या विमानतळावर बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर शेवटच्या गावाचे नाव आहे ना, तेवढे डोळ्यांनी पाहून घ्यावे. तिकिटे वेगवेगळी असतील तर बॅगा उतरवून पुन्हा द्याव्या लागतात, आणि पहिले विमान उशिरा आल्यामुळे दुसरे चुकले, तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. अशा वेळी हातात तास कितीही दिसोत, त्यातले निम्मे आपले नाहीत असे समजावे. आणि बाहेर पडताना पुढच्या विमानाचे तिकीट व ओळखपत्र जवळ हवे, कारण त्यांशिवाय पुन्हा आत घेत नाहीत.

या दोघांच्या बॅगा पुण्यापर्यंत गेल्या होत्या. हातात एक-एक पिशवी. थोरल्यांनी खिशातून कागद काढून आकडेमोड केली. दुकानाच्या वह्या आयुष्यभर त्यांनीच लिहिल्या होत्या. पावणेसात तासांतून बाहेर पडण्याचा अर्धा तास वजा, शेवटचे दोन तास वजा. राहिले सव्वाचार. पण वजाबाकी तिथे संपत नव्हती. त्या दिवशी थोरल्यांचे एकाशन होते. दिवसातून एकदाच, तेही सूर्यास्तापूर्वी दोन घटका उरकायचे. रांचीहून पहाटे निघताना त्यांनी फक्त उकळलेले पाणी घेतले होते आणि बहिणीने दिलेला डबा जसाच्या तसा पिशवीत होता.

"सव्वासहाला सूर्यास्त. साडेपाचला बसलो तरी चालेल," ते कागदाकडे पाहूनच म्हणाले.

"तो फलटणचा सूर्यास्त," धाकटे म्हणाले. "इथे साडेपाचच्या आत मावळतो. साडेचारला जेवण आटोपायला हवं तुमचं."

धाकट्यांचे म्हणणे बरोबर होते. साऱ्या देशाचे घड्याळ एक असले तरी सूर्य कोणत्याही राज्याचा सरकारी नोकर नाही. भुवनेश्वर पुण्याच्या पूर्वेला सुमारे बारा रेखांश आहे आणि दर रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथे सूर्य अठ्ठेचाळीस मिनिटे आधी उगवतो व आधी मावळतो. अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे नेमक्या दोन घटका. चौविहार पाळणारी जी मंडळी कोलकाता, गुवाहाटी किंवा भुवनेश्वरला जातात, त्यांनी घरच्या पंचांगातली वेळ तिथे वापरू नये. पुष्कळजण ती वापरतात आणि अंधार पडलेला पाहून चकित होतात.

थोरल्यांनी कागदावरचा आकडा खोडून नवा लिहिला आणि सव्वाबाराला दोघे टॅक्सीत बसले. एकच ठिकाण पाहायचे, असे ठरले. टॅक्सीवाला ओडिया मिश्रित हिंदीत रस्ताभर खंडगिरीच्या मेळ्याविषयी सांगत होता. माघ सप्तमीपासून भरणारा हा मेळा त्या भागात प्रसिद्ध आहे, आणि मेळ्याच्या दिवसांत हा रस्ता कसा तुंबतो याचे वर्णन त्याने अशा अभिमानाने केले, जणू तो तुंबवण्यात त्याचाही वाटा असावा. वाटेत त्याने दहीबरा-आलूदम खाण्याचा आग्रह केला. धाकट्यांनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते. ते नको म्हणाले. एकाशन त्यांचे नव्हते. थोरल्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, पण काही विचारले नाही.

उदयगिरी आणि खंडगिरी या शंभर-सव्वाशे फूट उंचीच्या दोन जुळ्या टेकड्या आहेत. मधून रस्ता जातो. उदयगिरीवर अठरा लेणी, खंडगिरीवर पंधरा. उदयगिरीला पुरातत्त्व खात्याचे तिकीट आहे. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या मराठी माणसाची इथे आधी थोडी निराशा होते, हे मान्य केले पाहिजे. भव्य सभामंडप नाही, उंच खांबांच्या रांगा नाहीत. दगडही भरड वाळूचा, ठिकठिकाणी झिजलेला. राणी गुंफा तेवढी मोठी, दुमजली, तीन बाजूंनी अंगणाभोवती कोरलेली. तिच्या भिंतीवरच्या मिरवणुका, हत्ती, नृत्य करणाऱ्या स्त्रिया अजून ओळखू येतात. बाकी बहुतेक कोठड्या इतक्या बुटक्या, की आत सरळ उभे राहता येत नाही. मुनींनी बसावे किंवा आडवे व्हावे, एवढ्यासाठीच त्या खोदलेल्या. जमीन मागच्या भिंतीकडे किंचित चढत नेलेली आहे, म्हणजे निजणाऱ्याच्या डोक्याला दगडाचीच उशी. ज्यांनी हे खोदवले ते राजे होते, आणि त्यांना अधिक ऐसपैस खोदवता आले नसते असे नाही.

थोरले अशा एका कोठडीच्या उंबऱ्यावर बसले आणि आतल्या त्या चढत्या जमिनीवर त्यांनी हात फिरवला. फलटणच्या दुकानात माडीवर त्यांच्या वडिलांची दुपारची झोपायची जागा होती. कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये, हातभर रुंदीची. वाटणीच्या नकाशात ती माडी धाकट्यांकडे गेली होती.

तिथून वर हाथीगुंफा लागते. ही कोरीव लेण्यांसारखी घडवलेली नाही, मोठी नैसर्गिक गुहाच आहे. पाहणाऱ्याला तिच्यात पाहण्यासारखे काही दिसत नाही. पण तिच्या कपाळावर सतरा ओळी आहेत. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, आणि कलिंगाचा राजा खारवेल याच्या कारकिर्दीचा वृत्तान्त. काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक की दुसरे, यावर विद्वानांत एकमत नाही. लेखाचा आरंभ अर्हंतांना आणि सर्व सिद्धांना वंदन करून होतो. आपल्या घरातले पाच वर्षांचे मूल ज्या दोन पदांनी नवकाराला सुरुवात करते, तीच ही दोन. दोन हजार वर्षांच्या दगडावर ती आहेत, हे ऐकणे वेगळे आणि खाली उभे राहून मान वर करणे वेगळे.

थोरल्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे व्हायचे. त्यांना वर नुसते खडबडीत दिसत होते. धाकट्यांनी फोनवर लेखाचे भाषांतर शोधले आणि काही क्षण मनात वाचले. मग मोठ्याने वाचू लागले.

व्यापारी घरातल्या माणसाने हा लेख एकदा तरी वाचावा, याचे कारण त्याची मांडणी. राजांची प्रशस्ती म्हटली की सूर्यासारखा, समुद्रासारखा, इंद्रासारखा अशी विशेषणे येतात. तारीख आणि रक्कम सहसा येत नाही. खारवेलाच्या लेखात वर्षवार हिशेब आहे. पहिल्या वर्षी काय केले, दुसऱ्या वर्षी काय केले, असा तेरा वर्षांचा अहवाल. कोणत्याही बँकेच्या वार्षिक सभेत चालून जावा असा. राजाच्या शिक्षणाची यादीसुद्धा पाहण्याजोगी आहे: लेखन, नाणी, गणना, व्यवहार आणि विधी. म्हणजे पत्रव्यवहार, चलन, हिशेब आणि कायदा. पंधरा वर्षे बालपणाच्या खेळांत, नंतर नऊ वर्षे युवराजपद, आणि चोविसाव्या वर्षी राज्याभिषेक.

पहिल्या वर्षाची नोंद युद्धाची नाही. वादळाने पडलेल्या राजधानीच्या वेशी, तट आणि घरे त्याने दुरुस्त केली, तलावाचे बांध घातले आणि पस्तीस लाख खर्चून प्रजेला संतुष्ट केले. ओडिशाच्या किनाऱ्यावर आजही वादळे येतात, तेव्हा ही नोंद वाचताना फार जुनी वाटत नाही. दुसऱ्या वर्षी सातकर्णीला न जुमानता पश्चिमेकडे सैन्य पाठवले. हा सातकर्णी म्हणजे आपल्याकडचा सातवाहन. पाचव्या वर्षी नंद राजाने पूर्वी खोदलेला कालवा वाढवून राजधानीपर्यंत आणला. सहाव्या वर्षी कर माफ केले. नवव्या वर्षी अडतीस लाख खर्चून महाविजय नावाचा प्रासाद बांधला.

"थांब," थोरले म्हणाले. "पहिल्या वर्षी दुरुस्तीला पस्तीस म्हणालास ना? आणि राजवाड्याला अडतीस?"

"हो."

"म्हणजे राजवाड्यावर तीनच जास्त." त्यांनी मान हलवली. तो खर्च त्यांना मंजूर दिसला.

बाराव्या वर्षाची नोंद सर्वांत प्रसिद्ध. नंद राजाने पूर्वी मगधाला नेलेली कलिंग-जिनाची प्रतिमा खारवेलाने मगधावर स्वारी करून परत आणली. घरची मूर्ती गेली होती, ती घरी आली. तेराव्या वर्षी याच टेकडीवर, जिला लेखात कुमारी पर्वत म्हटले आहे, मुनींसाठी सोय केल्याचा उल्लेख आहे. आणि शेवटी राजाचे जे वर्णन आहे त्यात तो सर्व पंथांचा आदर करणारा आणि सर्व देवालयांचा जीर्णोद्धार करणारा होता, असे आवर्जून कोरले आहे. त्यानंतर लेख संपतो. चौदावे वर्ष नाही. पुढे खारवेलाचे काय झाले, ते या दगडाला ठाऊक नाही.

धाकटे इथे थांबले असते; पण भाषांतराच्या खाली लेखाच्या वाचनाचा इतिहास दिला होता आणि ते वाचत राहिले. हा लेख पहिल्यांदा वाचण्याचा प्रयत्न जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली केला. ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणारा हाच तो इंग्रज अधिकारी. त्याने जे केले ते थोर होतेच, मात्र इथे राजाचे नाव म्हणून त्याने 'ऐर' हा शब्द घेतला. तो खरे म्हणजे नावामागचे विशेषण होता. पुढच्या अभ्यासकांनीही ते नाव चालवले. खारवेल हे खरे नाव मांडले पंडित भगवानलाल इंद्रजींनी, १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात. मूळचे जुनागढचे हे पंडित मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झाले. विद्यापीठात न शिकलेल्या या माणसाने देशभर हिंडून लेखांचे ठसे घेतले, नाणी जमवली आणि १८८८ साली मुंबईतच देह ठेवला. पेढीवर बसून शिकलेल्या आपल्या जुन्या पिढीला हे गृहस्थ जवळचे वाटले असते.

"म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं बोर्डावर भलतंच नाव होतं," थोरले म्हणाले.

"दीड-दोन हजार वर्षं तर कुठलंच नव्हतं. वाचताच येत नव्हतं कुणाला."

थोरल्यांनी थोडा विचार केला. "मग त्या अठ्ठेचाळीस वर्षांत ऐरचा कुणी वारस निघाला नाही का, नावावर हक्क सांगायला?"

धाकटे हसले. आपण हसलो हे लक्षात आल्यावर त्यांनी फोन खिशात ठेवला आणि उगाच टेकडीच्या कडेला जाऊन खाली रस्त्याकडे पाहत उभे राहिले. थोरलेही काही बोलले नाहीत. हाथीगुंफेच्या तोंडाशी दुपारच्या वेळी सावली असते. थोडा वेळ दोघे तिथे होते. उतरताना वाटेत स्वर्गपुरी लेणे लागले. ते खारवेलाच्या पट्टराणीने मुनींसाठी करवले, असे तिथला छोटा लेख सांगतो. राजाच्या सतरा ओळींत मावले नाही ते राणीने वेगळे लिहून ठेवले. व्यापारी घरांतल्या स्त्रियांनी यावर विचार करायला हरकत नाही.

घड्याळात दोन वाजून वीस मिनिटे झाली होती. रस्ता ओलांडून खंडगिरीच्या पायथ्याशी आल्यावर थोरल्यांचे गुडघे बोलू लागले. शिखरजीचा शीण त्यांत होताच. ते खाली एका कट्ट्यावर बसले आणि धाकटे एकटे पायऱ्या चढले. खंडगिरीवरची लेणी पुढे अनेक शतके वापरात राहिली. अकराव्या शतकात सोमवंशी राजा उद्योतकेसरी याच्या काळातले लेख तिथे आहेत. नवमुनी आणि बाराभुजी या लेण्यांच्या भिंतींवर तीर्थंकरांच्या प्रतिमा रांगेने कोरल्या आहेत आणि खाली त्यांच्या शासनदेवी. टेकडीच्या माथ्यावर ऋषभदेवांचे मंदिर आहे. ते एकोणिसाव्या शतकात कटकच्या जैन व्यापाऱ्यांनी उभारले. स्वतःचे गाव सोडून दूर मुलखात पेढी घालणारा जैन व्यापारी दुकानाचे बस्तान बसले की आधी मंदिराचे बघतो. ओडिशातही निराळे घडले नाही.

खाली कट्ट्यावर बसलेल्या थोरल्यांचा फोन वाजला. पडद्यावर धाकट्यांचे नाव होते. चौदा महिन्यांत ते नाव त्या पडद्यावर उमटले नव्हते. त्यांनी उचलला तर चित्र दिसू लागले: आधी आकाश, मग एक अंगठा, मग बाराभुजीची भिंत. धाकटे फोन हळूहळू सरकवत एकेक प्रतिमा दाखवत होते आणि लांछनावरून नाव सांगत होते. हा बैल, ऋषभदेव. हा हत्ती, अजितनाथ. काही लांछने झिजून ओळखू येत नव्हती, तिथे थोरले क्रम मोजून नाव सांगत. चोविसावी प्रतिमा येईपर्यंत फोन चालू होता. तेवढ्यात एका वानराने थोरल्यांच्या पिशवीतून खाकऱ्यांचे एक पुडके उचलले आणि समोरच्या झाडावर बसून अत्यंत व्यवस्थितपणे कागद सोडवला. या टेकड्यांवर वानरे पुष्कळ आहेत आणि पिशव्यांच्या बाबतीत ती अनुभवी आहेत. थोरल्यांनी हा प्रसंग फोनवरच सांगितला. वरून विचारणा झाली, मेथीचे की साधे? साधे, असे कळल्यावर वरचा जीव शांत झाला.

माथ्यावरून भुवनेश्वर शहर सपाट पसरलेले दिसते. लिंगराजाचे शिखर त्यातून वर आलेले. अर्ध्या तासाने धाकटे उतरले तेव्हा त्यांच्या रुमालात मंदिरातल्या थोड्या अक्षता होत्या. साडेतीनला टॅक्सी निघाली, चारला विमानतळ. सुरक्षा तपासणीत थोरल्यांच्या पिशवीतला स्टीलचा डबा उघडून दाखवावा लागला. तपासणाऱ्या तरुणीने आतले ठेपले पाहिले आणि काही न विचारता झाकण लावून दिले.

काचेच्या भिंतीपाशी, धावपट्टीकडे तोंड करून दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. चार वाजून वीस मिनिटांनी डबा उघडला. ठेपले, पुऱ्या, गुळाचा खडा, आणि वानराने ठेवलेले उरलेले खाकरे. बहिणीने दोन ताटल्या दिल्या नव्हत्या. डब्याचे झाकण हीच एक ताटली. सूर्य अजून चांगला वर होता, तरी त्याचा रंग बदलू लागला होता. फलटणला या वेळी दुकानावर दुपारनंतरचे पहिले गिऱ्हाईक येते.

"दादा, दुकानावरचा बोर्ड कुणी रंगवला रे?" धाकट्यांनी विचारले. "तो अक्षरांचा वळसा दुसरीकडे कुठे दिसत नाही. फलटणमधला कुठला पेंटर?"

"पेंटर कसला. पेंटरला द्यायला पैसे होते कुठे?" थोरल्यांनी पुरीचा तुकडा मोडला. "बापूंनी स्वतः रंगवला. शिडीवर उभं राहून. मी रंगाचा डबा धरून खाली. पाच वर्षांचा होतो. शेवटचं अक्षर आलं तेव्हा जागा कमी पडली, म्हणून ते बारीक आहे."

"मला वाटायचं ती स्टाइल आहे."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

धाकट्यांनी झाकण थोरल्यांकडे सरकवले. बोर्डाचे पुढे काय, हे कुणी काढले नाही. मंगळवारी वाटणीपत्रावर सह्या व्हायच्या होत्या. "मंगळवार पुढच्या मंगळवारवर गेला तर तुझ्या मुलाची काही अडचण?" एवढे मात्र थोरल्यांनी विचारले, आणि धाकटे म्हणाले, "मी सांगतो त्याला. मध्यस्थांना तू फोन कर. की मी करू?"

"मी करतो."

चार वाजून अडतीस मिनिटांनी थोरल्यांनी पाणी पिऊन हात जोडले. दोन मिनिटे हातात राहिली होती.